गाडी उचलायची तयारी

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं घरच्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवू नये, हे लोवेल हेग्नरला कुणी सांगितलं नाही असं म्हणता यायचं नाही. सगळ्यांनी सांगितलं. पण मिनेसोटाच्या पद्धतीनं सांगितलं. म्हणजे कुणीच सांगितलं नाही. बायको मार्लीस म्हणाली, "बसव की. हे जरा वेगळंच आहे." त्या मुलखात 'वेगळंच आहे' याच्यापुढे शिवी नाही. शेजारणीनं केलेलं कालवण घशाखाली उतरेना, जावयानं दाढीला जांभळा रंग लावला, चर्चमध्ये नव्या पाद्रीबुवांनी गिटार काढली, की म्हणायचं, "अरे वा, वेगळंच आहे." लोवेल याच मातीत वाढलेला. त्याला हे सगळं कळत होतं. तरी त्यानं बायकोच्या बोलण्यातलं 'बसव की' तेवढं उचललं, आणि उरलेलं तिथंच स्वयंपाकघरात राहू दिलं.

लिफ्टचं बीज पडलं ते गाडीखाली. लोवेलची एक लांबलचक निळी मोटार होती, बापाच्या हातची, मागे माशासारखे पंख असलेली. शनिवार उजाडला की तो आणि पलीकडच्या घरातला नॉर्ब टोलेफसन गॅरेजात चाकांच्या फळ्यांवर उताणे होत आणि सरकत सरकत तिच्या पोटाखाली जात. लोवेल पाना फिरवी, नॉर्ब दिवा धरी. कित्येक वर्षं हेच चाललेलं. गाडी दुरुस्त झाली का? तसं नाही म्हणता येणार. पण जात्यापाशी बसलेल्या दोघींना जसं एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि म्हणूनच पोटातलं ओठावर येतं, तसं या दोघांचं त्या लोखंडी पोटाखाली होई. नॉर्बची बायको आर्डिस गेली, तेव्हा चर्चमध्ये, दफनाच्या वेळी, नंतरच्या जेवणात नॉर्ब एक शब्द बोलला नाही. पुढच्या शनिवारी गाडीखाली तो म्हणाला, "सकाळी मी दोन कप कॉफी ओततो रे." लोवेल म्हणाला, "हं." आणि डावा हात पसरून पाना मागितला. नॉर्बनं पाना दिला. सांत्वन झालं.

तर उन्हाळा सरता सरता अशाच एका शनिवारी नॉर्ब दिवा धरून म्हणाला, "यंदाचं हे शेवटचंच बरं का. जमिनीवर लोळणं. पाठ म्हणते, बास झालं."

"हं."

"ॲरिझोनातून रोंडा बोलावतेय. खोली काढून ठेवलीय म्हणते बापासाठी."

"हं," लोवेल म्हणाला. या 'हं'चा अर्थ होता: जाऊ नकोस. पण 'हं'ला तेवढं ओझं पेललं नसावं. मग लोवेल डोक्यावरच्या गंजक्या नळीकडे बघत राहिला आणि त्याला एकदम सुचलं: माणसाला वाकावं लागतं त्यापेक्षा गाडीच उचलली तर? उभ्यानं काम. पाठीला तोशीस नाही. मग ॲरिझोनाची गरजच काय?

पण "तुझ्यासाठी लिफ्ट बसवतो" असं तोंडावर म्हणणं म्हणजे माणसाला सरळसरळ म्हातारा म्हणणं, वर उपकाराचा डोंगर. म्हणून तो म्हणाला, "मी लिफ्ट बसवावी म्हणतोय. माझे गुडघे रे."

गुडघे ठणठणीत होते.

नॉर्बनं दिवा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "माणसानं ठरवलं तर बसवता येते."

लोवेलला वाटलं, गडी हरखला.

---

लोवेलची हयात विमा कंपनीत गेलेली. गारपिटीनं फुटलेली छपरं, तळघरात शिरलेलं पाणी, झाडाखाली चेपलेल्या गाड्या: कुणाचं किती नुकसान झालं हे ठरवायचं, हा त्याचा धंदा. असा माणूस स्वतःच्या घरात हात घालताना सावध असेल असं आपल्याला वाटतं. पण वैद्याच्याच घरी खोकला नांदतो.

पहिलं काम गॅरेज रिकामं करायचं. त्या गावात, म्हणजे तळ्याकाठच्या लिटल पर्चमध्ये, गॅरेज म्हणजे गाडी सोडून सगळं ठेवायची जागा. लोवेलच्या गॅरेजात अर्ध्यात निळी मोटार होती म्हणून तो उधळा समजला जाई. उरलेल्या अर्ध्यात हरणाच्या मांसानं भरलेलं शीतकपाट, नाताळचे दिवे, मुलांच्या बर्फावरच्या घसरगाड्या आणि एक होडी, जिला तळं बघून जमाना लोटला होता.

"सरळ सेल लाव," समोरच्या वॉली क्विस्टनं सल्ला दिला. या वॉलीकडे स्वतःची लिफ्ट नव्हती; त्याच्या मेव्हण्याच्या मित्राकडे होती. सल्ला द्यायला एवढं नातं पुरतं.

सेल लागला. घरासमोरच्या वाटेवर टेबलं मांडली. आणि गल्लीतल्या प्रत्येकानं आपापली अडगळ आणून हळूच शेजारी ठेवली, "जमलं तर बघ हं, नाहीतर राहू दे." संध्याकाळी त्यांनी ती राहू दिली. शिवाय कुणाच्या वस्तूपुढून नुसतं पुढं जाणं बरं दिसत नाही, म्हणून लोवेल आणि मार्लीसनं सगळ्यांकडून थोडं थोडं घेतलं. नॉर्बनं मासे धरताना बर्फाला भोक पाडायचं आपलं गिरमीट आणलं होतं आणि त्याच्याशेजारी तो असा उभा होता की लोवेलला ते घ्यावंच लागलं, घरी एक असताना. नॉर्बनं लोवेलची मोडकी घडीची खुर्ची घेतली, तीही लोवेल तिच्याशेजारी उभा होता म्हणून. सेल संपला तेव्हा गॅरेजात पूर्वीपेक्षा जास्त सामान होतं.

ते सगळं तळघरात गेलं. तळघरातलं पाहुण्यांच्या खोलीत गेलं, जिन्यात न मावलेली होडीही तिथंच. पाहुणे आधीही येत नव्हते. आता यायची सोयच उरली नाही.

"उंची मोजलीस ना?" वॉलीनं विचारलं.

"मोजली."

"दार उघडं ठेवून, की बंद ठेवून?"

"माप ते माप," लोवेल ताठ होऊन म्हणाला. "दारानं छप्पर खाली येत नाही."

छप्पर येत नाही, पण दार येतं. ते दार वर सरकून छताखाली आडवं होणारं. लोवेलनं कळ दाबली. दार कुरकुरत वर गेलं आणि बरोब्बर तिथं जाऊन आडवं झालं जिथं उचललेल्या गाडीचा टप यायचा होता. शिवाय दाराची मोटर छताच्या मधोमध लोंबत होती, देवळातल्या घंटेसारखी. गाडी वर गेली की पहिला टोला तिचा.

"माझ्या मेव्हण्याच्या मित्राचंही असंच झालं होतं," वॉली समाधानानं म्हणाला.

दारवाला आला. दाराचे रूळ उचलून थेट छताच्या कुशीत नेले, मोटर भिंतीवर बसवली. त्या खटपटीत गॅरेजाला दारच नव्हतं, तेव्हा एक रॅकून, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला रानातला चोर, कुटुंबासह आत शिरला आणि तो गेला तेव्हा थंडी सुरू झाली होती.

मग परवानगी. गावच्या कचेरीत जॉयलिन नावाची बाई बसे. चर्चच्या गायनात ती मार्लीसच्या शेजारी उभी राही, म्हणून काम सोपं होईल असं लोवेलला वाटलं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे खरं. त्यामुळे हो म्हणायलाही फार वेळ लागतो.

"लिफ्ट म्हणजे माणसं वर जाणार?" जॉयलिननं विचारलं.

"गाडी वर जाणार. माणूस खाली."

"गाडीच्या खाली?"

"उभा."

"बाई गं," जॉयलिन म्हणाली. "हे वेगळंच आहे." मग तिनं बरीच पानं उलटली. "इमारतीत बसत नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसत नाही. माणसांच्या लिफ्टमध्ये टाकलं तर आत आरसा लावावा लागेल आणि दरवर्षी तपासनीस येईल. तुमच्याकडे होडी आहे का हो, लोवेल?"

"आहे. म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत आहे."

"मग झालं!" जॉयलिन खुलली. तळ्याकाठी होड्या उचलून ठेवायची यंत्रं असतात, त्यांची परवानगी तिच्या हातातली होती. लोवेलला होडी उचलायची परवानगी मिळाली, या अटीवर की काठावरच्या लव्हाळ्यांना आणि बदकांच्या घरट्यांना इजा होऊ नये. त्यानं गंभीरपणे कबूल केलं. गॅरेजात लव्हाळी नव्हती. रॅकूनबद्दल तिनं विचारलं नाही.

---

आणि मग जमीन. लिफ्टचे दोन खांब म्हणजे दोन पैलवान. त्यांच्या पायाखाली जाडजूड कोबा हवा. खात्री करून घ्यावी म्हणून लोवेलनं ड्रिल लावलं, आणि कॉफीत बिस्कीट बुडवावं तसं ते खाली गेलं. घर बांधणाऱ्यानं कोबा घातला होता, पण सायीसारखा. इतकी वर्षं ते दोघं त्या सायीवर पडून जन्ममरणाच्या गोष्टी करत होते.

"पातळ आहे," नॉर्ब म्हणाला.

"उखडून नवा घालावा लागेल."

"तुझे गुडघे..."

"हो ना," लोवेल म्हणाला आणि आठवणीनं थोडा लंगडला.

निळी मोटार नॉर्बच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. शनिवार येत होते आणि जात होते. त्या शनिवारी दोघं कोबा फोडणाऱ्याची, राडारोडा नेणाऱ्याची, काँक्रीटवाल्याची वाट बघत वाटेवर उभे असत. उभे, म्हणजे समोरासमोर. आणि समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन माणसांनी त्या मुलखात हवेबद्दल बोलायचं असतं.

"गारठा वाढला."

"वाढला."

"गेल्या साली याहून जास्त होता."

"होता."

नॉर्ब मधूनच रिकाम्या, खोदलेल्या गॅरेजकडे बघे. काय बघतो आहे, हे लोवेलच्या ध्यानात येत नव्हतं. त्याला फक्त घाई झाली होती. बर्फ पडायच्या आत कोबा, कोबा वाळायला महिना, मग लिफ्ट, मग नॉर्ब सरळ पाठीनं उभा राहून दिवा धरेल आणि रोंडाला फोनवर सांगेल, "नाही गं पोरी, यंदा जमत नाही."

काँक्रीटची गाडी एकदाची आली. वळताना तिनं टपालपेटी आडवी केली. चालक उतरला, टोपी काढली, फार वाईट वाटलं म्हणाला. मार्लीसनं त्यालाच धीर दिला, "अहो, ती तशीही कललेलीच होती." मग त्याला कॉफी, मग बदामाचा केक. तोवर मागं गाडीच्या पोटात काँक्रीट फिरत होतं आणि आकाश पांढरं होत होतं.

ओतलं. दोघांनी गुडघ्यांवर बसून ते फळीनं साफ केलं. नॉर्बची पाठ मोडली असेल. तिन्हीसांज झाली तसं वॉली रस्त्यापलीकडून ओरडला, "पारा उतरतोय रे! झाकलं नाही तर पापडासारखं तडकेल. माझ्या मेव्हण्याच्या मित्राचं..."

काँक्रीटवर घालायची जाड पांघरुणं भाड्यानं मिळतात. त्या दिवशी सगळ्या गावाला तीच हवी होती. लोवेलनं प्लॅस्टिक अंथरलं आणि घरात धावला. पलंगांवरच्या रजया, सोफ्यावरच्या शाली, मार्लीसचा हिवाळी कोट. "माझा कोट?" "एका रात्रीपुरता!" नॉर्ब आपल्या घरी गेला आणि छातीशी एक गठ्ठा धरून आला. रंगीत तुकड्यांची गोधडी होती. दारालगतचा कोपरा उघडा राहिला होता. नॉर्बनं ती हलक्या हातानं उलगडली, पसरली आणि कडा नीट केल्या, झोपल्या पोराला पांघरूण घालावं तशा. लोवेल तेव्हा दुसऱ्या टोकाला बायकोचा कोट ताणत होता. त्यानं बघितलं नाही.

रात्री दाराखालून शिरलेल्या वाऱ्यानं तिथलं प्लॅस्टिक गोधडीखालून उडवलं. सकाळी रजया उचलल्या, शाली उचलल्या, कोट उचलला. गोधडी उचलेना. ती ओल्या काँक्रीटला चिकटून बसली होती. लोवेलनं दोन्ही हातांनी ओढली. टर्रकन आवाज झाला, आणि अर्धी गोधडी हातात आली. मग उरलेली सोलून काढावी लागली, पट्ट्यापट्ट्यांनी. खाली कोब्यात तिचा ठसा उठला होता: चौकोनात चौकोन, मध्ये आठ टोकांची चांदणी आणि टाका न् टाका.

"अरे देवा!" लोवेल ओरडला. "सत्यानाश झाला! सगळा कोबा खराब झाला!"

मार्लीस दारात उभी होती. ती कोब्याकडे बघत नव्हती, लोवेलच्या हातातल्या चिंध्यांकडे बघत होती. "लोवेल," ती हळूच म्हणाली, "ही आर्डिसची आहे. शेवटची. दवाखान्यात बसून शिवलेली."

लोवेलनं वर बघितलं. नॉर्ब तुकडे गोळा करून घडी घालत होता. चिंध्यांची घडी होत नाही. तरी घालत होता.

"जुनीच होती," नॉर्ब म्हणाला. "याहून वाईट होऊ शकलं असतं."

जन्मभर दुसऱ्यांचं नुकसान मोजलेल्या माणसानं त्या सकाळी चुकीचं नुकसान मोजलं होतं. लोवेलला काहीतरी म्हणायचं होतं. पण गाडी ताडपत्रीखाली होती, आणि गाडीखाली शिरल्याशिवाय त्याला बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "हं."

---

कोबा वाळत होता, ठशासकट. त्यावर पाय ठेवायचा नाही, असं काँक्रीटवाला बजावून गेलेला. एका संध्याकाळी नॉर्ब कॉफीला आला. मार्लीसनं रुबार्बच्या वड्या केल्या होत्या. बोलता बोलता ताटात एकच उरली. शेवटची वडी अख्खी उचलणं म्हणजे हावरटपणा. लोवेलनं निम्मी कापून घेतली. नॉर्बनं उरलेल्यातली निम्मी. मार्लीसनं त्यातली निम्मी. ताटात वाटाण्याएवढा तुकडा राहिला, आणि त्याकडे बघत नॉर्ब म्हणाला, "रोंडाकडे जातोय. कायमचाच. घराला गिऱ्हाईक मिळालं."

लोवेलनं वडी कापायची सुरी ताटाच्या कडेला सरळ करून ठेवली.

"बरंय," लोवेल म्हणाला. "तिकडे बर्फ नाही."

"नाही."

तो तुकडा कुणीच खाल्ला नाही.

निघायच्या दिवशी नॉर्बनं निरोप घेतला. तिकडचा निरोप म्हणजे वाटण लागलेला पाटा, एकदा धुऊन भागत नाही. स्वयंपाकघरात उठता उठता अर्धा तास. दारात टोपी हातात घेऊन पुन्हा तेवढाच. पायऱ्यांवर हवेबद्दल. मार्लीसनं मिठी मारली, सँडविचं दिली, डोळे पुसत आत गेली. नॉर्ब गाडीत बसला. इंजिन सुरू झालं. मग काच खाली आली, कारण काच खाली आल्याशिवाय निरोप पुरा होत नाही.

"लिफ्ट झकास होईल तुझी," नॉर्ब समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. गाडीत बसला होता, म्हणून असेल, बोलता येत होतं. "आता एकट्याला सगळं जमेल. वर दिवे लावून घे. धरायला कुणी नको."

"एकट्याला कशाला?" लोवेल म्हणाला. तोही रस्त्याकडे बघत होता. "तुझ्या पाठीसाठी केली ना ती."

इंजिन बंद झालं.

"माझ्या?"

"मग काय!"

"तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

नॉर्बनं सुकाणूवर दोन्ही हात ठेवले. "मला वाटलं, तू माझ्यावाचून भागवायची तयारी करतोयस. पाठीचं मी नुसतं बोललो होतो रे. तू म्हणशील, थांब म्हाताऱ्या, कुठं जातोस त्या वाळवंटात. तर तू लिफ्टच काढलीस. म्हटलं, याचं ठरलंय. मग रोंडाला हो म्हणालो. उगाच तुला अवघडल्यासारखं नको."

वॉलीच्या अंगणात पानं गोळा करायचं यंत्र घुर्र करत होतं. ते थांबेपर्यंत दोघं थांबले.

"सांगायचं होतंस," लोवेल म्हणाला.

"तूही."

"घर..."

"विकलं. सह्या झाल्या." नॉर्बनं किल्ली फिरवली. "असू दे. याहून वाईट होऊ शकलं असतं."

"कसं?" लोवेलनं विचारलं.

त्या राज्याच्या इतिहासात हे वाक्य हजारदा, लाखदा बोललं गेलं असेल. त्यावर 'कसं' असं कुणी विचारलं नव्हतं. नॉर्बनं खरंच विचार केला. बराच केला. मग त्यानं काच हळूहळू वर घेतली.

---

लिफ्ट आली. दोन लाल खांब उभे राहिले, ओळंब्यात सरळ. मार्लीस म्हणाली, "बाई, छान दिसतेय," म्हणजे आता ती तक्रार करण्यापलीकडे गेली होती. वॉली आला, खांबांभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "मेव्हण्याच्या मित्राची एवढी सरळ नाही." यापेक्षा मोठी पदवी नव्हती. लोवेलनं मान हलवली.

सगळे गेल्यावर त्यानं कळ दाबली. निळी मोटार उसासा टाकून वर गेली, दार छताच्या कुशीत, मोटर भिंतीवर, कुठं टोला नाही. तो तिच्याखाली ताठ उभा राहिला. लख्ख दिवे. प्रत्येक नळी, प्रत्येक नट समोर. जी नळी इतकी वर्षं चकवत होती, ती एका हातानं बसली. दिवा धरायला कुणी लागलं नाही. पाना द्यायला कुणी लागलं नाही. पाऊण तासात गाडीचं काम संपलं, जे खरं म्हणजे कधी संपायचं नव्हतं.

लोवेलनं हात पुसले. मग त्यानं गाडी खाली आणली, पार जमिनीलगत. दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली एक घेतली. वाकताना गुडघा करकरला. खोटं बोललेलं अंगाशी येतं ते असं. तो उताणा झाला आणि सरकत सरकत त्या ओळखीच्या काळोख्या पोटाखाली गेला. करायचं काही नव्हतं. एक नट घट्टच होता, तो त्यानं उगाच थोडा सैल केला.

"पाना दे," तो म्हणाला, आणि सवयीनं डावा हात पसरला.

हात कोब्यावर पडला. बोटांखाली चौकोन लागले, चौकोनांत चांदणी, आणि टाका न् टाका. गोधडी गार होती. त्यानं हात तिथंच राहू दिला.